सहा मोती

"गोष्ट कोण सांगतंय?" असं विचारलं की सभागृहातले सगळे डोळे खाली जातात. परवा समोर 42 अंगणवाडी सेविका होत्या. मस्टरवर सह्या झालेल्या, चहा झालेला, प्रवासभत्ता आजच हातात मिळणार की खात्यावर जमा होणार हा दिवसातला सगळ्यांत कळीचा प्रश्नही विचारून झालेला. आणि मी गोष्टीचं नाव काढल्याबरोबर पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी सगळ्यांच्या वतीनं निकाल देऊन टाकला, "आम्हाला नाही हो गोष्ट येत. तुम्हीच सांगा, आम्ही ऐकतो."

याच बाई मधल्या सुट्टीत व्हरांड्यात वजनाच्या दिवसाची हकिकत सांगत होत्या. काट्याच्या झोळीत घातलेलं पोर भोकाड पसरून रडतंय, त्याची आजी "माझ्या नातवाला टांगतीस व्हय" म्हणत अंगावर आलेली, वजन एकदाचं झालं तर पोषण ट्रॅकरवर भरायला फोनला रेंज नाही. शेवटी ती आजीच फोन हातात धरून देवळाच्या कट्ट्यावर चढली आणि वरून ओरडली, "आली गं, एक काडी आली!" बाईंनी आजीसाठी आवाज जाड केला, पोरासाठी खालचा ओठ पुढं काढला आणि सुपरवायझर मॅडमसाठी नुसती मान वाकडी केली. भोवतालच्या चौघी हसताना चहा सांडत होत्या.

"हे आत सांगा की," मी म्हटलं.

"ही काय गोष्ट आहे का! हे आपलं रोजचं."

गेली बारा-तेरा वर्षं मी गावोगाव गोष्टी सांगते आणि गोष्टी सांगण्याच्या कार्यशाळा घेते. अंगणवाडी, आश्रमशाळा, बचतगट, एखाद्या वेळी वृद्धाश्रम. सगळीकडं हे वाक्य भेटतं. गोष्ट म्हणजे काय याचा साचा आपल्या डोक्यात घट्ट बसलाय: उभं राहायचं, हात जोडायचे, 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणायचं आणि शेवटी यावरून काय बोध मिळतो ते सांगून खाली बसायचं. मीही त्यातूनच आलेय. साने गुरुजी गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावानं कथामाला सुरू केली, ती मुलांना मायेनं गोष्टी सांगाव्यात म्हणून. आमच्या शाळेत पोचेपर्यंत तिची स्पर्धा झाली होती. पाच मिनिटं, तीन परीक्षक, हावभावांना 10 गुण. मला हावभावांना 9 मिळाले होते. ते 9 गुण अंगातून काढायला पुढं फार वर्षं गेली.

मुळात मला गोष्ट लागली ती आजीमुळं. श्रावणातल्या रविवारी ती आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. वाचायची म्हणजे पुस्तक मांडीवर असायचं आणि नजर चुलीवरच्या दुधाकडं. आमच्या मुठीत तांदळाचे दाणे दिलेले असत. कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही. दाणे घामानं ओले व्हायचे, बोटांना चिकटायचे. सुरुवात ठरलेली, "ऐका आदित्यराणूबाई, तुमची कहाणी." मला तेव्हा याचं नवल वाटायचं. जिची कहाणी तिलाच काय सांगायची? तिला ठाऊक नाही का? आजी म्हणायची, "ठाऊक असली म्हणून काय झालं? तिलाही कुणी सांगावीशी वाटते."

त्या कहाणीत राणी सासरी परत निघालेली असते. मुक्कामाला स्वयंपाक होतो, पानं वाढली जातात आणि राणीला कहाणीची आठवण होते. आता ऐकणारा पाहिजे, तोही उपाशी पाहिजे. "करा रे हाकारा, पिटा रे डांगोरा." सगळं गाव पालथं घालतात, उपाशी कुणी सापडत नाही. तेवढ्यात वाटेनं एक मोळीविक्या जाताना दिसतो. त्याला थांबवतात. तो सरळ विचारतो, तुमची कहाणी ऐकून मी काय करू, माझ्या पोटाचं काय? मग राणी सहा मोती आणते. तीन त्याला देते, तीन आपण घेते. तिनं मनोभावे सांगितली, त्यानं चित्तभावे ऐकली, आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची झाली. पुढच्या मुक्कामाला माळी भेटतो, त्याच्या विहिरीला पाणी लागतं. मग म्हातारी भेटते, तिची गेलेली मुलं परत येतात.

लहानपणी माझा सगळा जीव त्या सोन्याच्या मोळीत. आता या कामात इतकी वर्षं काढल्यावर मोळीविक्याचा प्रश्नच जास्त ऐकू येतो. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला थांबवून गोष्ट ऐकवायची तर त्याच्या हातावर आधी काही ठेवायला लागतं, हे त्या कहाणी रचणाऱ्या बाईला (बाईच असणार) पक्कं माहीत होतं. आणि मोती निम्मे-निम्मे. सांगणारीला पाच आणि ऐकणाऱ्याला एक, असं नाही.

म्हणून कार्यशाळेच्या पहिल्या तासाला मी सांगायला शिकवतच नाही. जोड्या पाडते. एकीनं आज उठल्यापासून इथं येईपर्यंत काय झालं ते सांगायचं, दुसरीनं फक्त हूं द्यायचं. प्रश्न नाही, सल्ला नाही, 'आमच्याकडं पण अगदी असंच' नाही. नुसतं हूं. तीन मिनिटं. मग तीच हकिकत तिलाच पुन्हा सांगायची, पण आता समोरचीनं हूं द्यायचं नाही आणि भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या पोस्टरकडं बघत बसायचं. दुसऱ्या फेरीत मिनिटभरातच सभागृह शांत होतं. मघाशी ज्या सकाळीत दूध उतू गेलं होतं, एसटी चुकली होती, नवऱ्यानं किल्ली हरवली होती, ती सकाळ आता 'उठले, आवरलं, आले' एवढी उरते. एकदा एक बाई दुसऱ्या फेरीत खरंच रुसल्या, मैत्रिणीशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलल्या नाहीत. खेळ आहे हे माहीत असूनही.

हूं तरी एका प्रकारचं कुठं असतं? पुढं ढकलणारं असतं, 'आता गं?' म्हणून अडकणारं असतं, अर्धवट झोपेतलं असतं. आजीला ते सगळे कळायचे. झोपेतलं हूं आलं की ती मुद्दाम म्हणायची, "आणि मग वाघानं राजाचं धोतर नेसलं." आम्ही म्हणायचो, हूं. मग आजी दिवा मालवायची.

आपल्याकडच्या जुन्या सांगणाऱ्यांनी ही गोष्ट नशिबावर सोडलेली नाही. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा मागं झीलकरी उभे असतात, त्यांचं 'जी जी रं जी' म्हणजे नुसता सूर भरणं नव्हे, भर सभेतला हुंकारच आहे. वारकरी कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागं उभे राहून चरण उचलून धरतात. गोंधळात साथीदार नायकाला मधेच अडवून अडाण्यासारखं विचारतो, आणि तुमच्या-माझ्या मनातलंच विचारतो. ऐकणारा असा सांगणाऱ्याच्या शेजारी उभा असतो, त्याला बिदागीत वाटा असतो. मग आपण माइक आणला, व्यासपीठ बांधलं आणि त्या झीलकऱ्याला खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गप्प केलं. आता तो मोबाइल बघतो, आणि आपण म्हणतो लोकांना ऐकायची सवय राहिली नाही.

जात्याचंही तेच. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी कितीतरी वर्षं गावोगाव हिंडून कार्यकर्त्या बायांच्या साथीनं जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एवढ्या ओव्या बायांच्या पोटात कशा राहिल्या? मला वाटतं, जात्यासमोर रडलं तरी जातं काही कुणाला सांगत नाही, त्याची घरघर चालूच. अनेक ओव्या तर जात्यालाच ईश्वर म्हणून हाक घालतात. एका गावात ऐंशीच्या घरातल्या एका आजींना मी म्हटलं, "ओवी म्हणा." त्या म्हणाल्या, "जातं कुठाय?" जातं विकून त्याला वीस वर्षं झाली होती, त्याची खालची तळी उकिरड्याशेजारी कोंबड्यांच्या पाण्याला लावलेली. बराच वेळ त्या ओठ हलवत बसल्या, काही आठवेना. मग सुनेनं चहाला आणलेलं स्टीलचं ताट त्यांनी पुढं ओढलं, त्यावर मूठ पालथी टेकवली आणि गोल फिरवायला लागल्या. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला पहिली ओवी आली. ताटावर बांगडी घासत होती त्याच लयीत. सून दारात थांबून म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला हे येतंय?" लग्नाला तिच्या सव्वीस वर्षं झाली होती.

तेव्हापासून मी लोकांना कार्यशाळेला येताना घरातली एक वस्तू आणायला सांगते. हे थोडं पिंगुळीकडूनही घेतलंय. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोकांची चित्रकथी आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळं आता पुष्कळांना नाव ठाऊक झालंय. तिथं सांगणारा पोथीतलं चित्र पुढं उभं करतो, आणि आपण बघतो ते चित्राकडं. आवाज मात्र त्याचा. लाजऱ्या माणसाला असं काहीतरी पुढं धरायला मिळालं की सुटतं. आजवर अडकित्ता आलाय, फाटकं रेशनकार्ड आलंय, एकदा एका बाईंनी कुलूप आणलं होतं, किल्ली नसलेलं. एक शिक्षक मात्र त्यांना मिळालेली ट्रॉफी घेऊन आले. ती गोष्ट लांबली.

आता जरा माझ्या फजितीचं. सुरुवातीच्या वर्षांत एका साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या तळावर मी मुलांना गोष्टी सांगायला जात असे. दिवाळीच्या मागंपुढं बीडकडची माणसं येतात, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड चालू. पोरं कोपीत नाहीतर फडात. संध्याकाळी पाचट आणि वाढ्याच्या वासात तीसेक पोरं गोळा झाली आणि मी माझी हुकमी गोष्ट काढली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. मी पंख झटकले, कुडकुडले, "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हणताना गळा काढला. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. हावभावांना 9 गुणांची गोष्ट. शहरातल्या बालवाडीत इथं हमखास हशा येतो.

इथं कुणी हसलं नाही. कडेवर धाकटा भाऊ घेतलेली आठेक वर्षांची एक मुलगी म्हणाली, "चिमणीनं दार का न्हाई उघडलं?"

"ती कामात होती ना."

"कामात तर माय बी असती. दार तर उघडती."

मला उत्तर सुचेना. मागं बसलेला एक मुलगा म्हणाला, "पाऊस आला तर आमची बी कोप गळती. आम्ही ट्रॅक्टरखाली जातो. कावळ्याची लेकरं कुठं गेली?" ही गोष्ट मी तोवर दोनशे वेळा तरी सांगितली असेल. कावळ्याला लेकरं असतील हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. कोपीत राहणाऱ्या पोरांसमोर बसून मी शेणाच्या घराची टिंगल करत होते, हे डोक्यात शिरायला मला रात्र लागली. पोरांचं मात्र तिथल्या तिथं सगळं सुरू झालं. कावळा दुसऱ्या कावळ्यांकडं गेला, त्यांनी ताडपत्री ताणली, सगळी त्याखाली बसली. आणि चिमणी? ती मुलगी भावाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "उन्हाळ्यात येईल की तीच कावळ्याकडं. मेण पाघळतंय."

या उपक्रमाचा अहवाल भरताना 'गोष्टीमुळे वर्तनात झालेला बदल' असा एक रकाना होता. मी लिहिलं, 'चिमणीबद्दलचं मत बदललं.' दोन दिवसांनी फोन आला: मॅडम, मोजता येईल असं काहीतरी द्या. मी काय दिलं ते आता आठवत नाही, पण काहीतरी टक्के दिले होते आणि ते खोटे होते. पुढच्या आठवड्यात गेले तर तळ हललेला. चुलीचे तीन-तीन काळे दगड रांगेत उरले होते.

ही फजिती मी कार्यशाळेत रंगवून सांगते, लोकांना आवडते. दुसरी मात्र अजून कुठं सांगितलेली नाही.

चार वर्षांपूर्वी दुष्काळी पट्ट्यातल्या एका बचतगटात एक बाई वस्तू म्हणून दावं घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, जुनं, मऊ पडलेलं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी असताना नवऱ्यानं म्हैस विकली. सासूच्या दवाखान्याला पैसे लागत होते. बाळ घेऊन परत आली तर गोठा रिकामा आणि खुंटीला दावं. ती कुणाला काही बोलली नाही. आठ-दहा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून तीन कोस चालत म्हैस घेणाऱ्याच्या गावी गेली. गोठ्याबाहेर उभी राहून नेहमीची हाक मारली. म्हैस वळली आणि जागच्या जागी पान्हा सोडला. त्या घरची बाई चरवी घेऊन आली, म्हणाली, "आज तुम्हीच काढा." हिनं धार काढली, चरवी तिथंच ठेवली आणि परत आली. एवढीच गोष्ट. सांगताना ती दाव्याला एक गाठ मारायची, सोडायची, परत मारायची.

मी ही गोष्ट घेतली. नाव काढून टाकलं, गाव बदललं आणि स्वतःला बजावलं की आता ती कुणाचीच नाही. मग सांगता सांगता म्हशीच्या कपाळावर पांढरा चांदा आला, कारण ऐकणाऱ्याला म्हैस दिसली पाहिजे. नवरा थोडा दारूडा झाला, कारण नाहीतर राग कुणाचा येणार? दोन वर्षं सांगत होते. माणसं डोळे पुसत होती. मानधनाचं पाकीट पर्समध्ये पडत होतं. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात नेमकी तिची नणंद बसलेली निघाली.

दोन दिवसांनी फोन आला. मी माफी मागायच्या तयारीत.

"ताई, माझी म्हस सांगितलीत म्हणं."

"हो. चुकलंच माझं, तुम्हाला विचारायला..."

"ते ऱ्हाऊ द्या. चांदा कुठनं आणलात? आमच्या म्हशीला चांदा नव्हता. डावं शिंग मोडल्यालं हुतं. हाक मारली की मोडक्या शिंगाकडनं वळायची."

मी गप्प. मोडक्या शिंगाकडनं वळणारी म्हैस. हे मी विचारलं असतं तर तिनं त्याच दिवशी सांगितलं असतं.

"आन मालकाला लई वाईट केलंत म्हणं. त्यांनी कधी थेंब घेतला न्हाई. म्हस इकल्यापास्नं त्यांनी दुधाचा चहा सोडलाय. आजून कोराच पितात. तेवढं का न्हाई सांगितलंत?"

ते तिनं मला सांगितलं होतं. कार्यशाळेत, शेवटी, पिशवीत दावं परत भरताना. मी तेव्हा पुढच्या बाईकडं वळले होते.

फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "बाया काय म्हणल्या ऐकून?"

"रडल्या."

"मग मला का न्हाई बलिवलं?"

पुढचा कार्यक्रम महिनाभरानं तालुक्याच्या गावी होता. आयोजकांना कळवलं की दोघी येणार आणि मानधन अर्धं-अर्धं करा. ते विचारायला लागले, त्यांच्या परिचयात काय लिहायचं, त्या काय करतात? मी म्हटलं, गोष्ट त्यांची आहे असं लिहा. पत्रिकेवर 'व इतर' असं छापून आलं.

ती नवऱ्याबरोबर मोटारसायकलवरून आली, पिशवी मांडीवर धरून. नवरा मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. संयोजकांनी त्याला चहा दिला तेव्हा मी नको तितक्या कुतूहलानं त्याच्याकडं बघत होते. त्यानं कपात डोकावलं आणि कप तसाच खुर्चीखाली ठेवला. व्यासपीठावर तिनं खुर्ची नको म्हणून सांगितलं, माइकही बाजूला करायला लावला आणि सतरंजीवर मांडी घालून दावं पुढ्यात सोडलं. मी खाली पहिल्या रांगेत, तिच्या बरोबर समोर. मनात चाललेलं वेगळंच: आवाज मागं पोचतोय का, सुरुवात जरा सावकाश झाली का, शिंगाचं ती विसरणार तर नाही.

"तवा मी बाळंतपणाला माहेरी हुते," ती म्हणाली. "थोरल्याच्या वेळंला. पाऊस नव्हता त्या साली."

आणि थांबली. दाव्याला गाठ मारली, सोडली. सभागृह वाट बघत होतं. मला वाटलं विसरली, मी पुढं वाकून तिला पुढचं वाक्य सुचवणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "हूं द्या की."